पाय टेकणारी गाडी

कयोंडोला पहिलीवहिली मोटरसायकल घ्यायची होती, आणि ही गोष्ट त्याने चुकून न्हाव्याच्या दुकानात बोलून दाखवली. झालं! न्येंडोच्या बाजारात एखादी गोष्ट न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगितली की ती निराळी दवंडी पिटून सांगावी लागत नाही. त्याच्या डोक्याची उजवी बाजू भादरून होईपर्यंत सात जणांनी त्याला सल्ला दिला होता. त्यातल्या चौघांनी जन्मात मोटरसायकलच्या हँडलला हात लावला नव्हता.

"अडीचशे सीसीच्या खाली बघूच नकोस," न्हावी म्हणाला.

"अहो, पण मला अजून नीट चालवताही येत ना..."

"मान हलवू नकोस. कान जाईल."

कयोंडो हा जनावरांना लस टोचणारा माणूस. कोंबड्या, शेळ्या, गाई, जे समोर येईल त्याला टोचायचं, वहीत लिहायचं आणि पुढच्या गावाला जायचं. वय बत्तीस, उंची बेताची आणि पाय त्याहून बेताचे. अकरा वर्षं तो भाड्याच्या बोडावर, म्हणजे मोटरसायकलच्या टॅक्सीवर, मागे बसून हिंडला होता. मांडीवर लसीची बर्फाची पेटी आणि नाकासमोर बोडावाल्याची घामेजलेली पाठ. जिल्ह्यातले सगळे रस्ते त्याला पाठ होते, पण ते सगळे कुणाच्या तरी खांद्यावरून वाकून पाहिलेले. एकदा तरी पुढे बसावं, रस्ता आख्खाच्या आख्खा दिसावा, एवढीच त्याची इच्छा. यात काही हावरटपणा आहे का, तुम्हीच सांगा.

त्यातून त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी किकोंगे गावची, नाव नबोसा, तिथल्याच आरोग्य केंद्रात नर्स. पुढच्या शनिवारी तिच्या घरी क्वांजुला होती. म्हणजे मुलाकडच्यांनी टोपल्या भरभरून मुलीच्या दारात जायचं, दोन्हीकडच्या बोलक्या म्हाताऱ्यांनी एकमेकांची मनसोक्त टोपी उडवायची, आणि शेवटी मुलीच्या भावाच्या हातात एक जिवंत कोंबडा द्यायचा. कोंबडा पोचला की सोयरीक पक्की. टोपल्या शंभर असोत, कोंबडा नसेल तर आल्या पावली परत.

पण कयोंडोला कोंबड्याची धास्ती नव्हती. कोंबड्यांशी त्याचं रोजचंच होतं. धास्ती होती ती मुलीच्या बापाची. सेंतोंगो हेडमास्तरांनी एकतीस वर्षं शाळा चालवली होती आणि एकतीस वर्षं सकाळी ठरल्या मिनिटाला फाटक लावलं होतं. निवृत्त झाल्यावर शाळेचं फाटक सुटलं, म्हणून त्यांनी घराला फाटक बसवून घेतलं. थोरल्या मुलीच्या क्वांजुलेला मुलाकडची मंडळी वीस मिनिटं उशिरा आली, तर हेडमास्तर आतून म्हणाले होते, "पुढच्या वर्षी या." आणि खरंच ती मंडळी पुढच्या वर्षी आली.

"दहा म्हणजे दहा," नबोसाने फोनवर बजावलं होतं. "माझ्यासाठी एवढं कर. मला आणखी एक वर्ष बाबांच्या घरी काढायचं नाही."

"मी नऊलाच येतो."

"पावणेदहाला ये. नऊला आलास तर बाबा तुला शुद्धलेखन घालतील."

आता यात सेमांडा शिरला. सेमांडा हा कयोंडोचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं मोबाइलचं दुकान होतं, धिप्पाड देह होता आणि त्या देहाला शोभेल अशी काळी धूड मोटरसायकल होती. तसल्याच गाड्या असलेले आणखी पाच जण त्याने गोळा केले होते. दर रविवारी ही टोळी न्येंडोपासून लुकायापर्यंत जायची, भाजलेलं मटण खायची आणि परत यायची. या सहाही जणांनी आपापल्या गाडीच्या साखळीवरचं पत्र्याचं झाकण काढून टाकलं होतं. झाकणाने म्हणे गाडी बायकी दिसते.

"शनिवारी आम्ही सहा जण पुढे," सेमांडाने जाहीर केलं, "आणि मधोमध तू, तुझ्या नव्या गाडीवर. असा आवाज काढू की किकोंगेतल्या शेळ्या दूध द्यायच्या बंद झाल्या पाहिजेत!"

"ते नंतर मलाच निस्तरावं लागेल," कयोंडो म्हणाला.

पण ऐकतो कोण? बुधवारी त्यांनी त्याला उचलूनच शोरूममध्ये नेलं. तिथे एका लाल राक्षसावर बसवलं. बसवलं म्हणजे दोघांनी काखेत हात घालून वर ठेवलं. कयोंडोने डावा पाय खाली सोडला, अंगठा जेमतेम फरशीला लागला. मग उजवा सोडला, तर डावा उचलला गेला. गाडी हळूच एका बाजूला कलायला लागली तसा तो तिला म्हणाला, "माफ करा." चौघांनी धावत येऊन दोघांनाही सावरलं.

"बघ, शोभतोय की नाही!" सेमांडा म्हणाला.

"पाय टेकत नाहीत रे."

"चालवताना पाय कशाला टेकायचेत? चालायचं असेल तर चालत जा की मग!"

सगळे हसले. विकणारा पोरगाही हसला. कयोंडोही हसला, कारण इतके लोक हसत असताना एकट्यानेच रडकं तोंड करून कसं बसायचं?

खरी गोष्ट अशी की कयोंडोची गाडी मनात कधीच ठरली होती. गेले तीन आठवडे रोज सकाळी चर्चमागच्या मैदानावर बुलासियो आजोबा त्याला गाडी शिकवत होते. आजोबा निवृत्त धर्मशिक्षक. त्यांची गाडी पन्नास सीसीची, निळी, बसकी, पुढे तारेची टोपली आणि सीटच्या पुढची जागा मोकळी, म्हणजे टांग न टाकता नुसतं पाऊल पुढे घालून बसायचं. साखळी आख्खी पत्र्याच्या डब्यात बंद. चाळीस वर्षं आजोबा तिच्यावरून मयतांना आणि बारशांना गेले होते. आता डोळ्यांना दिसेना, म्हणून ते ती द्यायला निघाले होते.

"पहिला नियम, पाय जमिनीला टेकले पाहिजेत," आजोबा सांगायचे. "दुसरा नियम, ब्रेक लागला पाहिजे."

"आणि तिसरा?"

"तिसरा लागतच नाही. पहिले दोन ज्यांनी पाळले नाहीत, त्यांच्या घरी मी प्रार्थना म्हणायला गेलोय."

त्या रात्री कयोंडोने नबोसाला फोन लावला. एकीकडे लाल राक्षस, दुसरीकडे निळी, आणि पाठीमागे सहा मित्र, सगळं सांगितलं. नबोसाने जराही आढेवेढे न घेता विचारलं, "पाय कुठलीवर टेकतात?"

"निळीवर."

"पुढचा ब्रेक दाबल्यावर कुरकुरतो का?"

"नाही. पण तुला गं काय माहीत ब्रेकचं?"

"मग निळी घे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी कयोंडोने निळी घेतली. इतका मोठा निर्णय त्याने आयुष्यात एकट्याने कधी घेतला नव्हता. गाडी घरामागच्या खोलीत, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांआड लावली, वर चादर टाकली आणि तो बाहेर आला, तर दारात सेमांडा उभा.

"काय झालं गाडीचं?"

"घेतली," कयोंडो म्हणाला. "म्हणजे... यायचीय. कंपालाहून."

"कुठल्या रंगाची?"

समोरच्या बाईने टोमॅटो मांडले होते. "लाल," कयोंडो म्हणाला.

सेमांडाने त्याला असं कवटाळलं की बरगड्या वाजल्या. शुक्रवारी संध्याकाळी कयोंडोने दुसरी थाप मारली. गाडी अजून आली नाही, म्हणून मी आपला काकांबरोबर मिनीबसने येतो. इथवर सगळं झाकलं गेलं होतं. मला विचाराल तर माणसाने एवढ्यावर थांबावं. पण आपण थांबलो तरी मित्र थांबतात का?

शनिवारी सकाळी सात वाजता मिनीबस भरली. टोपल्या, साखर, मिठाची पाकिटं, आत्या, मावश्या, आणि पुढच्या सीटवर काटेंडे काका. काका मुलाकडचे बोलके. बोलण्यात त्यांचा हात धरणारा आख्ख्या मसाका जिल्ह्यात कुणी नव्हता. कोंबडाही त्यांच्याच पायाशी ठेवला होता, पण गाडी सुटायच्या आत त्याने काकांच्या नव्या कोटावर आपलं मत नोंदवलं.

"हा माझ्याबरोबर येणार नाही!" काका गरजले. "पोरा, तुझा कोंबडा तूच आण."

"मी याच गाडीने येणार आहे ना काका!"

"छे छे! तू याच्यातून कशाला?" काकांनी डोळा मारला. "सेमांडाने मला सगळं सांगितलंय. मी पुढे जाऊन वर्दी देतो, की आमचा मुलगा सात धुडं घेऊन येतोय, कानात बोळे घाला म्हणून!" आणि मिनीबस गेली.

कयोंडो हातात कोंबडा धरून उभा राहिला. तेवढ्यात कोपऱ्यावरून आभाळ फाटल्यागत आवाज आला. सहा गाड्या आल्या आणि सातवी टेम्पोतून उतरवली गेली. लाल!

"कंपालावाले फसवतात, तरी मी म्हणत होतो," सेमांडाचा चेहरा आनंदाने फुलला होता. "माझ्या मेव्हण्याची आहे. आजच्या दिवसापुरती. मित्र कशाला असतात रे?"

आता हेही सांगायला हवं की क्वांजुलेला कांझू घालावाच लागतो. कांझू म्हणजे घोट्यापर्यंतचा पांढराशुभ्र झगा, वर कोट. कांझूशिवाय मुलीच्या अंगणात पाऊल टाकता येत नाही. सातही जणांनी कांझू घातले होते, आणि रविवारी अर्ध्या चड्डीत लुकायाला जाणाऱ्या या टोळीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की झगा घालून टांग टाकायची कशी. शेवटी सहाही जण झगे कमरेपर्यंत गोळा करून, मांडीखाली दाबून बसले. सहा जोड्या उघड्या पिंढऱ्या बघून समोरची टोमॅटोवाली तोंडावर हात धरून आत गेली.

कयोंडोला वर ठेवण्यात आलं. कोंबडा किझितो नावाच्या मित्राने घेतला. निघाले.

न्येंडोचा तिठा येईपर्यंत कयोंडो नुसता देवाचं नाव घेत होता. तिठ्यावर एक गाय आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि त्याने सवयीने पाय खाली सोडला. खाली काहीच नव्हतं. मग तो लाल राक्षस घाई न करता कलायला लागला. कयोंडोला सगळं दिसत होतं. नाल्वोगा मावशीची भाजलेल्या केळ्यांची शेगडी जवळ येत होती आणि मावशीचं तोंड उघडत होतं. तो पुन्हा "माफ करा" म्हणाला आणि केळ्यांच्या टोपलीत आडवा झाला.

"अरे मुडद्या! डोळे फुटले का तुझे?" नाल्वोगा मावशी उचकली. मग कोण पडलंय ते तिने पाहिलं. "अगं बाई, हा तर आपला कोंबड्यांचा डॉक्टर! आज याची क्वांजुला ना? आणि तुम्ही रे घोडे, याला या हत्तीवर कुणी बसवला? याचे पाय बघा, गाडी बघा! लाजा नाही वाटत?"

शेगडी वाचली, कयोंडो वाचला. लाल गाडीचा आरसा तेवढा फुटला. सेमांडा त्याला उठवत म्हणाला, "काही नाही, काही नाही, पहिल्यांदा होतंच असं. बस परत."

"नाही," कयोंडो म्हणाला.

"अरे बस रे."

"नाही म्हणजे नाही!" कयोंडो इतक्या मोठ्याने ओरडला की गाय रस्त्यातून बाजूला झाली. "मी खोटं बोललो. कंपालाहून काही येत नाहीये. मी बुलासियो आजोबांची निळी घेतलीय. ती घरी पोत्यांआड आहे. मी तिच्यावरूनच जाणार. हसायचं तर हसा!"

ते हसले. हसून हसून किझितोच्या हातून कोंबडा सुटला आणि त्याला धरण्यात पाच मिनिटं गेली; शेवटी कयोंडोनेच त्याला धरला. सेमांडाने डोळे पुसले. "धर्मशिक्षकाची गाडी! गड्या, तू नवरदेव आहेस की फादरचा आचारी? ठीक आहे. आम्ही पुढे होतो. तू आपला संध्याकाळपर्यंत पोच." आणि लाल धूड नाल्वोगा मावशीच्या राखणीला सोडून सहाही जण धूळ उडवत गेले.

कयोंडो घरी धावला. केळ्यांत लोळलेला कांझू बदलून दुसरा धुतलेला घातला. चादर काढली. कोंबड्याला पुढच्या टोपलीत बसवून केळीच्या सोपटाने बांधलं. त्याने मारलेली गाठ गुरांना बांधायची, एकदा बसली की सुटत नाही. मग कांझू जरासा उचलून पाऊल पुढे घातलं, बसला, आणि झगा घोट्यांवर व्यवस्थित पडला. पाय टेकले. घड्याळात साडेआठ वाजून गेले होते. किकोंगे तेहतीस किलोमीटर आणि निळी चढावर पंचवीसच्या वर जायची नाही. पण समोर पहिल्यांदाच कुणाची पाठ नव्हती. रस्ता आख्खाच्या आख्खा दिसत होता.

पहिला भेटला तो किझितो. आंब्याखाली नुसत्या गंजीफ्रॉक आणि चड्डीवर उभा होता. कांझू मांडीखालून सुटून मागच्या साखळीत गेला होता आणि साखळीने तो पार खांद्यापर्यंत ओढून घेतला होता.

"थांबू का?" कयोंडोने विचारलं.

"नको, तू हो पुढे! दहा वाजतील!" किझितो कळवळून म्हणाला. "मी येतो चालत."

पुढच्या वळणावर दुसरा. त्याच्या झग्याला गुडघ्याच्या खाली काही उरलंच नव्हतं. तिसरा आणि चौथा पुलाजवळ बसून एकमेकांचे झगे साखळीतून दातांनी सोडवत होते, आणि तोंडं वंगणाने काळी झाली होती. पाचवा चढावर एकटाच गाडी ढकलत होता आणि कयोंडोला बघून त्याने मान फिरवली. टोळीत सगळ्यांत पुढे असतो तो सेमांडा आजही सगळ्यांत पुढे होता. किकोंगेच्या अलीकडे चार किलोमीटरवर त्याची गाडी रस्त्याकडेला उभी होती आणि सेमांडा तिच्यावर वाकडा होऊन बसला होता. झगा साखळीत असा काही पिळून गेला होता की त्याला गाडीवरून उतरताच येत नव्हतं.

"किती वेळ झाला?" कयोंडोने विचारलं.

"दोन सायकलवाले आणि एक लग्नाचं वऱ्हाड बघून गेलं," सेमांडा म्हणाला. आवाजात जोर राहिला नव्हता.

कयोंडोने खिशातून कामाची कात्री काढली. टोचण्याआधी जनावराचे केस कापायची ती. मागून झगा कंबरेपाशी कराकरा कापला. सेमांडा सुटला, पण मागून तो आता बघण्यासारखा राहिला नव्हता.

"बस मागे."

"ह्याच्यावर? मी?"

"नऊ चाळीस झालेत, सेमांडा."

सेमांडा बसला. निळी खाली दबली, कण्हली आणि चालायला लागली. कोंबडा पुढे, नवरदेव मधे, धिप्पाड सेमांडा मागे, दोन्ही हातांनी आपली मागची बाजू झाकून. शेवटच्या चढावर तो उतरून धावला, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

फाटकाशी हेडमास्तर सेंतोंगो उभे होते. एक हात फाटकावर, दुसऱ्या हातात घड्याळ. कयोंडो त्यांच्या अगदी पुढ्यात येऊन, दोन्ही पाय टेकून थांबला, तरी त्यांचे डोळे रस्त्याच्या टोकाकडेच लागलेले.

"गुड मॉर्निंग, सर," कयोंडो म्हणाला.

हेडमास्तर दचकले. "तू कधी आलास?"

"आत्ताच, सर. नऊ सत्तावन्न."

"आणि तो आवाज कुठाय?"

"कुठला आवाज?"

"तुझे ते काका तासाभरापासून सांगतायत, सात धुडं येणार, कानात बोळे घाला. मी म्हटलं, येऊ देत. आवाज आला रे आला की फाटक लावतो." त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे नबोसाचा भाऊ लुतालो खुर्चीत बसला होता आणि त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. "असल्याच धुडावरून पडलाय. दोन महिने याला मी उचलून नेतोय आणि उचलून आणतोय. माझी मुलगी तसल्या गाडीवर बसणार नाही. दहाची वाटही बघणार नव्हतो मी."

कयोंडोने आपल्या पायांकडे पाहिलं. नशीब, पाय टेकलेले होते. नाल्वोगा मावशीची शेगडी, गाय, फुटलेला आरसा, या सगळ्यांचे त्याने मनातल्या मनात आभार मानले.

हेडमास्तरांनी निळीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कांझू कुठेही मळला नव्हता, हेही पाहिलं. "आत ये," ते म्हणाले. "तो मागचा कोण? त्याने तोंड माझ्याकडेच ठेवून आत यावं."

दहाला फाटक लागलं. बाकीचे पाच जण उरल्यासुरल्या झग्यांच्या चिंध्या पांघरून, एका ट्रकच्या मागे बसून अकराच्या सुमारास आले, त्यांना हेडमास्तरांनी बाहेर रांगेत दहा मिनिटं उभं केलं आणि मग आत घेतलं. पुढे रीत अशी की नवरदेव मित्रांत लपून बसतो आणि मुलीची आत्या त्याला शोधून काढते. आत्या चांगली नाचत, लाजत, इकडेतिकडे शोधत यायची असते. नबोसाची आत्या आली, तिने सहा चिंध्या पाहिल्या, मधला एक पांढराशुभ्र कांझू पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, यात शोधायचं काय? निदान थोडा मळून तरी यायचास!" अख्खं अंगण हसलं.

मग आली कोंबड्याची वेळ. पोरी गात गात त्याला आणायला गेल्या. कयोंडोची गाठ त्यांना सुटेना. दोघींनी ओढून पाहिलं, तिसरीने दात लावले. शेवटी त्यांनी कोंबड्यासकट आख्खी निळीच ढकलत, गात, नाचवत अंगणाच्या मधोमध आणली आणि लुतालोच्या खुर्चीपुढे उभी केली.

मुलीकडच्या बोलक्यांनी डोळे विस्फारले. "कोंबडा तर आम्ही नेहमीच घेतो. पण कोंबड्याला बसायला गाडी? काटेंडे, ही आम्हालाच का?"

आपली बाजू मोठी दिसत असेल तर काटेंडे काका कशालाही नाही म्हणत नसत. ते उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "तर काय! आमच्याकडे कोंबडे पायी चालत नाहीत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कयोंडोने तोंड उघडलं. शेजारून सेमांडाने ते हाताने बंद केलं. क्वांजुलेला नवरदेवाने बोलायचं नसतं, जे काय बोलायचं ते बोलक्यांनी. त्याची दोन दिवसांची मोटरसायकल डोळ्यांदेखत सासऱ्यांच्या मालकीची झाली आणि त्याने हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावली. हेडमास्तर उठले, झगा सावरत पाऊल पुढे घालून बसले आणि अंगणाला दोन चकरा मारून आले.

"वा!" ते म्हणाले. "पाय टेकतात."

जेवणं झाली. केळीच्या पानात वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचा मटोके कयोंडो नुसता चिवडत बसला. मुलगी मिळाली होती, हे काय कमी होतं? पण अकरा वर्षांनी एकदाच रस्ता आख्खा दिसला होता, आणि तोही तेहतीस किलोमीटर.

निघायच्या वेळी नबोसा बापापुढे गुडघे टेकून बसली. मुलीने अशा वेळी काही मागायचं असतं. कुणी शेळी मागतं, कुणी चटया.

"बाबा, मला ती निळी द्या."

"ती?" हेडमास्तरांचा चेहरा पडला. "अगं, ती मला आवडलीय."

"लुतालोलाही आवडलीय. बघा कसा बघतोय."

लुतालो खरंच बघत होता. प्लास्टरमधला पायही तिच्या दिशेने वळवून बघत होता. हेडमास्तरांनी लांब श्वास घेतला.

"घेऊन जा," ते म्हणाले. "तुझ्या नावावर. पण एक अट. जावईबापू, तुम्हाला गाडी शिकून किती दिवस झाले?"

"तीन आठवडे, सर."

"हिला पाच वर्षं झाली. आरोग्य केंद्राची गाडी हीच चालवते, डोंगरापलीकडच्या बाळंतिणींकडे हीच जाते. तेव्हा पुढे ही बसेल."

कयोंडोने नबोसाकडे पाहिलं. नबोसाने शहाण्या मुलीसारखी मान खाली घातली होती, पण हसू काही लपत नव्हतं.

महिन्याने चर्चमध्ये लग्न लागलं. सेमांडाने आहेराच्या वेळी सहा गाड्यांची कथा स्वतःच सांगितली आणि जाताना कयोंडोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साखळीवर बसवायचं ते झाकण कुठे मिळतं रे?"

त्यानंतरच्या सोमवारी किकोंगेच्या मागच्या उतारावरून निळी चालली होती. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि तांबड्या चिखलाचा नुसता लोण्याचा गोळा झाला होता. पुढे नबोसा, मागे कयोंडो, मांडीवर बर्फाची पेटी. रस्ता पुन्हा खांद्यावरूनच दिसत होता. अर्ध्या उतारावर एक लाल धूड आडवं पडलं होतं आणि त्याचा मालक कुंपणात बसून काटे काढत होता. नबोसा त्याच्या बाजूने, दोन्ही पाय जमिनीला घासत, अलगद गाडी काढून गेली.

खाली आल्यावर तिने गाडी थांबवली आणि मागे वळून विचारलं, "बाबा काही बघत नाहीयेत. चालवतोस पुढे?"

कयोंडोने पुढचा चढ पाहिला. चढ उताराहून तांबडा आणि निसरडा होता. त्याने पेटी मांडीवर नीट धरली. त्याला एकदम इतकं हलकं, इतकं सुखाचं वाटलं की अकरा वर्षांत कुणाच्या पाठीमागे बसून वाटलं नव्हतं.

"उद्या," तो म्हणाला.